मे महिन्याच्या सुट्टीत शब्बाथ शाळा बंद असते, तेव्हा मुलांचं शिक्षण घरी कसं चालू ठेवावं?

रूथची_आई

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीची शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबल वर्ग, एप्रिलच्या शेवटच्या रविवारनंतर बंद होते, ती जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी उघडते. मध्ये सात-आठ आठवडे मोकळे जातात. मुलं दोन, धाकटी 6 वर्षांची आणि थोरला 11 चा. दोघंही इंग्रजी माध्यमात, त्यामुळे थोरला मराठी वाचतो पण जोडाक्षराला अडखळतो. सुट्टीतले तीन आठवडे आजोळी, गावात. तिथे चर्च नाही, जवळचं चर्च 20 किलोमीटरवर.

विचारायचं आहे ते असं: एवढ्या दिवसांत किती आणि काय घ्यावं? दोन वयांना एकत्र बसवावं की वेगळं? पाठांतराची बायबलची वचनं जूनपर्यंत पुसून जातात, त्याला उपाय काय? आणि गावी पुस्तकं-तक्ते काही नसताना काय करता येतं? "रोज प्रार्थना करा" एवढंच सांगू नका, ती होतेच. नेमकं काय करायचं ते हवं आहे.

पाटी_पेन्सिल

ताई, सलाम. शब्बाथ शाळेच्या वर्गांचं नियोजन करणाऱ्यांना हा प्रश्न दरवर्षी येतो. एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा: रविवारचा तासाभराचा वर्ग घरी आणायचा नाही. घरी तासभर मुलं बसत नाहीत, तिसऱ्या रविवारी तो वर्ग बंद पडतो, आणि मग "आपल्याच्याने होत नाही" असं वाटून घरातले सगळेच सोडून देतात. आठवड्यातले पाच दिवस, रोज दहा मिनिटं. वेळ घड्याळाची ठरवू नका, कामाला बांधा. संध्याकाळची प्रार्थना झाली की ताटं घ्यायच्या आधी, किंवा सकाळी आंघोळ झाल्यावर. सुट्टीत घड्याळ पाळलं जात नाही, जेवण मात्र रोज होतं.

आठ आठवडे गुणिले पाच, म्हणजे 40 बैठका. थोरल्यासाठी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या चरित्राचं पुस्तक, घ्या. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात छोटं, अध्याय 16, वचनं पावणेसातशेच्या आसपास. दिवसाला 15 ते 17 वचनं येतात, म्हणजे अडखळत वाचलं तरी सहा-सात मिनिटं. मार्कात लांब प्रवचनं कमी आणि घडामोडी जास्त, त्यामुळे या वयाचा मुलगा कंटाळत नाही. मत्तयापासून सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी वंशावळ येते आणि नावांतच सगळा उत्साह संपतो.

धाकटीसाठी आठवड्याला एकच गोष्ट, तीच पाच दिवस. मोठ्यांना ते कंटाळवाणं वाटतं, पण सहा वर्षांच्या मुलाला तीच गोष्ट पुन्हा ऐकायची असते. पहिल्या दिवशी तुम्ही सांगा, दुसऱ्या दिवशी सांगताना मध्ये थांबून तिला पुढचं सांगू द्या, तिसऱ्या दिवशी तिने चित्र काढावं, चौथ्या दिवशी नाट्य, पाचव्या दिवशी तिने आजीला सांगावं. मार्कातल्याच आठ गोष्टी निवडल्या तर दोघांचा धागा एक राहतो (कंसात अध्याय): छपरातून खाली सोडलेला पक्षाघाती (2), वादळ शांत केलं ते (4), याईराची मुलगी (5), पाच भाकरी दोन मासे (6), लेकरांना आशीर्वाद (10), बार्तीमय (10), विधवेची दोन नाणी (12), रिकामी कबर (16).

वाचून झाल्यावर "यातून आपण काय शिकलो?" हा प्रश्न विचारू नका. तिसऱ्या दिवसापासून त्याला एकच ठरलेलं उत्तर मिळतं, "देवावर प्रेम करावं", आणि मूल विचार करायचं थांबतं. त्यापेक्षा: कोण कोण होतं तिथे? येशूने आधी काय केलं, बोलला की हात लावला? तू त्या गर्दीत असतास तर कुठे उभा राहिला असतास? छपराच्या गोष्टीत उचलून आणणारे चौघे होते हे मुलाने मजकुरातून शोधून काढलं पाहिजे.

दिवस बुडाला तर भरून काढू नका. लग्न, प्रवास, आजारपण यात आठवड्याचे दोन दिवस जाणारच. थकबाकी ठेवली की ती वाढत जाते आणि दहाव्या दिवशी पन्नास वचनं वाचायची वेळ येते. पुस्तकात खूण ठेवायची आणि जिथे होतो तिथून पुढे. मार्क जूनमध्ये संपला काय आणि जुलैत संपला काय, फरक पडत नाही.

वचनमाला

पाठांतराबद्दल मी लिहितो.

सगळ्यात आधी आवृत्ती ठरवा. घरी एक, मोबाईलवर दुसरी, शब्बाथ शाळेच्या पुस्तकात तिसरी असं असतं. मूल एका आवृत्तीतलं वचन दुसऱ्या आवृत्तीत मिसळतं आणि दोन्ही विसरतं. शब्बाथ शाळेत जी वापरतात तीच घ्या. प्रभूच्या प्रार्थनेतही हे होतं: आजी "स्वर्गातील बापा" म्हणते आणि मुलाला "पित्या" शिकवलेलं असतं. तिथे आजीला दुरुस्त करू नका. दोन्ही ठीक आहेत हे थोरल्याला सांगा, आणि धाकटीला एकाच रूपात पक्कं होऊ द्या.

सुट्टीभर सुटी सुटी आठ वचनं देण्यापेक्षा एक अखंड भाग द्या. स्तोत्र 23 ला सहा वचनं आहेत. सहा आठवडे, दर आठवड्याला एक, आणि शेवटचे दोन आठवडे पूर्ण स्तोत्र. अखंड भागात एक वचन पुढच्याला ओढून आणतं, सुट्या वचनांना असा दोरा नसतो, म्हणून ती जूनपर्यंत गळतात.

पद्धत: पाटीवर वचन लिहा. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." नऊ शब्द. सगळ्यांनी दोनदा मोठ्याने वाचायचं. मग मुलाने एक शब्द पुसायचा आणि पुसलेल्या जागेसह पूर्ण वचन म्हणायचं. पुन्हा एक पुसायचा, पुन्हा म्हणायचं. आधी "मेंढपाळ" पुसू द्या, कारण त्याचं चित्र डोळ्यांपुढे असतं. "उणे" शेवटपर्यंत ठेवा, रोजच्या बोलण्यात तो शब्द नसल्याने तोच आधी निसटतो. नऊ फेऱ्यांत पाटी कोरी होते आणि वचन तोंडात राहतं. याला पाच मिनिटं पुरतात. पुसायचं काम मुलानेच करायचं, सगळी गंमत त्यातच आहे.

दुसऱ्या दिवशी पाटी न लिहिता म्हणायचं. मग चौथ्या दिवशी, सातव्या दिवशी, आणि दोन आठवड्यांनी एकदा. रोज घोकून घेतलं तर पटकन येतं आणि पटकन जातं. विसरायला लागलं असतानाच पुन्हा आठवायला लावलं की टिकतं.

अडखळणाऱ्या वाचकासाठी चौथं वचन मोठा अडथळा आहे. "मृत्युच्छायेच्या" हा शब्द पहिल्यांदा "मृत्यु-च्छाये-च्या" असा फोडून लिहा आणि अर्थ आधी सांगा, वाचन नंतर. "अरिष्ट" म्हणजे संकट हेही आधी. त्याच वचनात "तुझी आकडी व तुझी काठी" आहे. आता तुम्ही गावी जाणार आहात. बाभळीची फांदी ओढून शेळ्यांपुढे वाकवणाऱ्याच्या हातात जी आकडी असते ती मुलांना दाखवा, शक्य असेल तर हातात घेऊ द्या. फांदी वर आहे, शेरडाचं तोंड तिथे पोचत नाही, म्हणून राखणारा ती खाली आणतो. "मला काही उणे पडणार नाही" हे मुलाला तिथे उभ्या उभ्या कळतं, शहरातल्या वर्गात रंगीत चित्र दाखवून कळत नाही.

शेतातली_शाळा

गावी साहित्य नाही असं म्हणू नका ताई, येशूचे बहुतेक दाखले (बोधकथा) शेतातले आणि घरातलेच आहेत. शहरातल्या वर्गाला जे चित्रात दाखवावं लागतं ते तिथे अंगणात असतं.

जक्कय नावाचा ठेंगणा माणूस येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला, लूक 19:4. मूळ झाड आपल्याकडच्या उंबराचा भाऊबंद, त्याच कुळातलं. फळं खोडालाच लगडतात, फांद्या खालून फुटतात, म्हणून ठेंगण्या माणसाला त्यावर चढता आलं. विहिरीकाठी किंवा ओढ्याकाठी उंबर असेल तर ती गोष्ट त्याच्या सावलीत बसून सांगा.

पेरणाऱ्याचा दाखला (मार्क 4), ज्यात बी वाटेवर, खडकाळ जागी, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडतं, तो डब्यांत करा. रिकामे चार डबे किंवा नारळाच्या मोठ्या करवंट्या, खाली भोक पाडून. मेथीचे दाणे, प्रत्येकी 20. हे नीट केलं नाही तर चारही डबे सारखेच उगवतात आणि मुलांना दाखला खोटा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

वाटेचा डबा: माती भरून मुठीने ठोकून ठोकून घट्ट करा, दाणे वर नुसते टाका, दाबू नका, आणि डबा अंगणात उघड्यावर ठेवा. घरात ठेवून रोज पाणी घातलं तर वरच्यावरही मेथी मोडावते. बाहेर ठेवला की चिमण्या-साळुंक्या काम करतात. खडकाळ डबा: तळापासून वरपर्यंत खडी, तिच्यावर जेमतेम एक सेंटिमीटर माती. पाणी चारही डब्यांना सारखं, एकेक लहान वाटी, सकाळी. खडकाळ डब्यातलं रोप बहुधा सगळ्यांच्या आधी वर येतं, कारण पातळ माती लवकर तापते. मूल खूश होतं. मग डबा दुपारच्या उन्हात ठेवला की दोन-तीन दिवसांत मान टाकतं. मजकुरात अगदी हाच क्रम आहे: माती खोल नव्हती म्हणून लगेच उगवलं, ऊन चढल्यावर करपलं. काटेरी डबा: यात चार दिवस आधी मूग दाट पेरून ठेवा, मग त्यातच मेथी टाका. मूग उंच होऊन मेथी पिवळी, लांबट, अशक्त होते. मरत नाही, वाढ खुंटते, आणि दाखल्यातही ती वाढ खुंटून फळ न दिल्याचंच म्हटलं आहे. चांगला डबा: अर्धी माती, अर्धं शेणखत, दाणे अर्धा सेंटिमीटर खोल.

दहाव्या दिवशी मुलांनी मोजायचं आणि वहीत चार आकडे लिहायचे. तीसपट, साठपट, शंभरपट मेथीत दाखवता येणार नाही, तेवढा वेळ नसतो. त्यासाठी घरात बाजरीचं किंवा ज्वारीचं कणीस असेल तर ते थाळीत चोळून दाणे मोजायला द्या. एका दाण्याचं एवढं झालं, हे मोजणाऱ्याच्या बोटांना समजतं. थोरला शंभराच्या पुढे गेला की आपणहून मार्क 4:8 उघडेल.

वसईची_मावशी

आम्ही कॅथलिक, त्यामुळे शब्द थोडे वेगळे, पण अडचण तीच. आमच्याकडे याला धर्मशिक्षण म्हणतात आणि तेही उन्हाळ्यात बंद असतं.

एका गोष्टीकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. ईस्टर कधीही 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यानच येतो. त्यापुढे पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. म्हणजे तो 10 मे ते 13 जून यांच्यामध्येच येणार, आणि तेव्हा वर्ग बहुधा बंदच असतात. नाताळ आणि गुड फ्रायडे मुलं दरवर्षी वर्गात शिकतात, पेंटेकॉस्ट मात्र वर्षानुवर्षं सुटून जातो. मोठी झालेली मुलंही दृढीकरणाच्या (पवित्र आत्म्याचं दान मिळण्याच्या संस्काराच्या) वेळी पवित्र आत्म्याबद्दल गप्प बसतात, त्याचं एक कारण हे आहे. मनाला लागणारी गोष्ट आहे ही, म्हणून सुट्टीतला आमचा मुख्य विषय हाच.

2026 मध्ये ईस्टर 5 एप्रिलला, पेंटेकॉस्ट 24 मेला. 2027 मध्ये 28 मार्च आणि 16 मे. कॅलेंडरवर मुलांकडूनच मोजून घ्या: पुनरुत्थानाचा रविवार पहिला दिवस, चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण (गुरुवार येतो), पन्नासाव्याला पेंटेकॉस्ट. मधले नऊ दिवस शिष्य मरियेसोबत प्रार्थनेत होते, त्यावरून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आली. ते नऊ दिवस रोज संध्याकाळी एक मेणबत्ती, प्रेषितांची कृत्ये 1 आणि 2 मधली चार-पाच वचनं, आणि एक मिनिट शांतता. मिनिट घड्याळ लावून मोजा. सहा वर्षांच्या मुलीला पहिल्या दिवशी वीस सेकंदही जड जातात, नवव्या दिवशी ती पूर्ण मिनिट बसते.

सणाच्या दिवशी प्रेषितांची कृत्ये 2:9-11 वाचा. पार्थी, मेदी, एलामी अशी लोकांची भली मोठी यादी आहे, मोठी माणसं ती गाळतात. गाळू नका. घरात जेवढ्या भाषा येतात, मराठी, सामवेदी, कोकणी, हिंदी, इंग्रजी, गुजराती, तेवढ्यांत "येशू प्रभू आहे" म्हणा. आजोळची बोली वेगळी असेल तर आजीला तिच्या बोलीत म्हणू द्या. यादी तिथे का आहे ते मुलांना उलगडून सांगावं लागत नाही.

मे हा पवित्र मरियेचा महिना, त्यामुळे आमच्या घरांत रोज जपमाळ. लहानांना पाचही दशकं (दहा-दहा मण्यांचे भाग) देऊ नका, एक दशक त्यांनी पुढे होऊन सांगायचं, बाकी मोठ्यांनी. जपमाळेत मनन करायचे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग म्हणजे रहस्यं: सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची रहस्यं 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडली, जुन्या पुस्तिकांत नसतात, म्हणून गावच्या घरातली पुस्तिका बघून घ्या. हे कॅथलिक वाचकांसाठी.

रूथची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. पेंटेकॉस्टचं गणित आज पहिल्यांदा कळलं. आणखी दोन शंका. गावी दुपारी बाहेर पडता येत नाही, तेव्हा मुलं मोबाईलवर बायबलच्या गोष्टींचे व्हिडिओ मागतात. दाखवावेत का? आणि मेथी मिळाली नाही तर मोहरी चालेल?

पाटी_पेन्सिल

व्हिडिओ दाखवा, पण आधी मजकूर, मग व्हिडिओ. उलटं केलं की चित्र डोक्यात बसतं आणि वचन त्याच्यापुढे फिकं पडतं. एका वेळी एक गोष्ट, दहा मिनिटांच्या आतली, आणि थोरल्याच्या हातात पवित्र शास्त्र (बायबल) द्या. त्याचं काम: व्हिडिओत जे आहे पण शास्त्रात नाही, ते शोधायचं. बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक (ज्ञानी) तीन दाखवतात, मत्तय 2 मध्ये आकडा नाही, देणग्या तेवढ्या तीन आहेत. एदेन बागेत सफरचंद दाखवतात, उत्पत्ति 3 मध्ये नुसतं फळ. योनाचा देवमासा, मजकुरात "मोठा मासा". नोहाच्या तारवात प्रत्येकी एकच जोडी दाखवतात, उत्पत्ति 7:2 काढा, शुद्ध पशूंबद्दल काय लिहिलंय ते त्याला स्वतः सापडू द्या. हे सुरू झालं की अकरा वर्षांचा मुलगा आपणहून अध्याय उलटायला लागतो. जोडाक्षरांचा सरावही त्यातच होतो, कारण आता त्याला ते वाचायची गरज पडलेली असते.

एक काळजी घ्या. हा खेळ आजी-आजोबांनी सांगितलेल्या गोष्टीवर खेळू द्यायचा नाही. त्यांच्या तोंडून ऐकताना फक्त ऐकायचं.

मंडळी_सेवक

ज्यांच्या मंडळीत सुट्टीतील बायबल शाळा, म्हणजे व्हीबीएस घ्यायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. 40 मुलं, पाच दिवस, सकाळी 8 ते 10.30. त्यापुढे ऊन सहन होत नाही. वयाचे चार गट, प्रत्येक गटाला दोन मोठी माणसं. खोलीत एकटा शिक्षक कधीही नको, हा नियम सगळ्यांना लागू. नावनोंदणीच्या कागदावर पालकांचा फोन, मुलाला काय चालत नाही (शेंगदाणे, औषध), आणि न्यायला कोण येणार, हे तिन्ही घ्या. हस्तकलेचा कागद आदल्या दिवशी कापून ठेवा. कापायचं काम वर्गात काढलं तर पंधरा मिनिटांची हस्तकला पाऊण तास घेते आणि गोष्टीचा वेळ खाते. मग मूल घरी कागदाची नाव घेऊन जातं, ती कोणाची ते त्याला सांगता येत नाही.

सरबत: 40 पेले, प्रत्येकी 200 मिली, म्हणजे 8 लिटर पाणी, 20 लिंबं, 1 किलो साखर, 4 चहाचे चमचे मीठ. स्टीलच्या पातेल्यात करा, ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या भांड्यात नको. लिंबू ऐनवेळी पिळा, रात्री पिळून ठेवलं तर कडवट होतं.

शेतातली_शाळा

ताई, मोहरी चालेल, मसाल्याच्या डब्यातलीही उगवते, पण ताजी असावी. फोडणीसाठी भाजलेली नको. दाणा फार बारीक असल्यामुळे मोजताना सांडतो, म्हणून ओल्या काडीच्या टोकाने एकेक उचला. आणि मोहरी घेणार असाल तर मार्क 4:30-32, मोहरीच्या दाण्याचा दाखला, त्याच आठवड्यात घ्या, दुसरा डबा लावायची गरज नाही. पेरायच्या आधी एक दाणा धाकटीच्या तळहातावर ठेवा आणि मूठ मिटायला सांगा. तो हाताला लागतो का, ते तिला विचारा.